वारीला जाताना ‘सी-पॅप’ घरी ठेवू नका

ज्येष्ठ महिना लागला की वारीला जाणारी मंडळी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन दवाखान्यात येऊ लागतात. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम द्या, इन्सुलिन गारव्यात कसे न्यायचे ते सांगा, पायाच्या भेगांना काय लावू, असे ठरलेले प्रश्न असतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवा प्रश्न आला आहे. ‘डॉक्टरसाहेब, रात्री नाकाला लावायचं ते हवेचं मशीन दिंडीत कसं चालवावं? राहुटीत लाईट कुठून आणावी?’

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही आहे. मात्र बहुतेक रुग्ण तो विचारतच नाहीत. ते परस्पर ठरवून टाकतात, की पंधरा-वीस दिवसांचाच तर प्रश्न आहे, मशीन राहू द्या घरी. काही जण याच्या उलट करतात, म्हणजे मशीनसाठी वारीच सोडतात. पाथरीकडचे एक दुकानदार गृहस्थ, वय ५८, अनेक वर्षांचे वारकरी, मशीन सुरू झाल्यापासून दोन आषाढ्या घरी बसले होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला विचारले, ‘वारी सोडू का मशीन सोडू, एकदाचं सांगून टाका.’ दोन्हीही सोडण्याची गरज नव्हती. गरज होती ती थोड्या हिशेबाची. तो हिशेब वाचकांसमोर मांडावा, म्हणून आजचा लेख.

आधी हे मशीन काय करते ते थोडक्यात पाहू. झोपेत आपले सर्व स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. ज्यांची मान जाड आहे, वजन जास्त आहे, जबडा लहान आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, अशांचा घसा झोपेत आतल्या आत मिटतो. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घोर निघतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबण्याचे किंवा फार कमी होण्याचे असे प्रसंग तासाला तीस किंवा जास्त वेळा होत असतील, तर आजार तीव्र समजतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. सकाळी डोके जड असणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणे ही त्याची नेहमीची लक्षणे. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपल्याकडे अजूनही समजले जाते. या रुग्णांच्या बाबतीत ते अगदी खोटे आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली यावर एक साधा उपाय प्रसिद्ध केला. नाकावर मास्क बसवून हवा सतत थोड्या दाबाने आत सोडायची, म्हणजे त्या हवेच्या दाबानेच घसा उघडा राहतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चिकटत नाही, तसाच हा प्रकार. सी-पॅप म्हणतात ते हेच. त्यात औषध नाही आणि प्राणवायूचे सिलिंडरही नाही. खोलीतलीच हवा एक छोटा पंखा दाबाने पाठवतो.

इथेच एक मुद्दा नीट लक्षात घ्यावा. हे मशीन आजार बरा करत नाही, रोजच्या रोज तो आवरून धरते. चष्मा काढला की जसे पुन्हा अंधुक दिसते, तसेच हेही आहे. मशीन बंद केल्यावर एक-दोन रात्रींत घसा पूर्वीसारखाच मिटू लागतो. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या रुग्णांचे मशीन दोन आठवडे थांबवले होते त्यांचा आजार काही दिवसांतच परतला, दिवसाची झोप वाढली आणि सकाळचा रक्तदाबही चढला. दोन आठवडे म्हणजे आपल्या दिंडीचाच काळ झाला. त्यात दिवसभराची चाल, ऊन-पाऊस, जागरण, कीर्तन आणि रस्त्याच्या कडेने धावणारी वाहने. अशा वेळी डोळ्यांवर झापड घेऊन चालणारा वारकरी किंवा दिंडीचा टेम्पो चालवणारा रुग्ण यांची काळजी वाटलीच पाहिजे. टेम्पोच्या चालकाला हा आजार असेल तर मशीन सोबत नेण्याला पर्यायच नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

विजेचा खरा हिशेब

लोकांची समजूत अशी, की रुग्णाला श्वास देणारे यंत्र म्हणजे भरपूर वीज खाणार. प्रत्यक्षात नुसता हवेचा पंखा फार थोडी वीज घेतो. मध्यम दाबावर, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरच्या आसपास, तो साधारण ८ ते १२ वॅट घेतो, एखाद्या एलईडी बल्बइतकी. सात तास झोपलात तर रात्रीचे ७०-८० वॅट-तास. आपल्या वीजबिलातील एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. याचा अर्थ एका युनिटमध्ये बारा-तेरा रात्री निघतात. दाब जास्त असेल, पंधरा-वीसपर्यंत, तर खर्च दीडपट-दुप्पट होतो.

वीज खाते ते पाणी गरम करणारे भांडे. हवा कोरडी लागू नये म्हणून मशीनला ओलावा देणारी एक छोटी टाकी असते, तिला ह्युमिडिफायर म्हणतात. काही मशीनची नळीही गरम होते. हे दोन्ही चालू असले की खर्च ४०-५० वॅटवर जातो, थंडीत त्याहूनही वर. जी बॅटरी दोन रात्री पुरली असती ती मध्यरात्रीच मान टाकते. म्हणून बॅटरीवर झोपायचे तर पहिला नियम : ह्युमिडिफायर बंद, गरम नळी बंद. नुसते पाणी काढून भागत नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा लागतो, अन्यथा कोरडे भांडेच तापत राहते.

‘मग नाक कोरडं पडत नाही का?’ असे विचारले जाते. आषाढात पडत नाही. त्या दिवसांत आपल्याकडची हवाच दमट असते. बॅटरीवर मशीन चालवायला वर्षातला याहून चांगला महिना नाही. वैशाखात मात्र त्रास होतो. तेव्हा झोपण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब टाकावेत.

प्रत्येकाचे मशीन आणि प्रत्येकाचा दाब वेगळा असतो, म्हणून वरचे आकडे अंदाजाचे समजावेत. आपला आकडा काढण्याची सोपी रीत आहे. विजेच्या सामानाच्या दुकानात प्लगमध्ये बसवायचे छोटे वॅटमीटर मिळते. भिंतीच्या सॉकेटमध्ये ते, त्यात मशीनचा प्लग, आणि एक रात्र ह्युमिडिफायर बंद करून झोपावे. सकाळी किती युनिट झाले ते दिसते. पाथरीच्या गृहस्थांचे सात तासांत ०.०७ युनिट झाले होते, म्हणजे ७० वॅट-तास. ते स्वतः दुकानदार. हिशेब हाती आल्यावर त्यांची भीती निम्मी गेली.

कोणती बॅटरी

बॅटरीवर दोन आकडे असतात : व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. १२ व्होल्टची २० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे साधारण २४०-२५० वॅट-तास. इथे एक फसगत होते. मोबाईलच्या पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते, म्हणजे तेही २० अँपिअर-तासच. पण आतल्या सेलचा व्होल्ट ३.७ असतो, म्हणून ती फक्त ७४ वॅट-तासांची ठरते आणि त्यातलेही काही वाटेत वाया जातात. शिवाय बहुतेक पॉवर बँका मशीनला लागणारा व्होल्ट देतच नाहीत. तेव्हा ती मोबाईलसाठीच ठेवावी.

घरातील इन्व्हर्टरची १५० अँपिअरची ट्युब्युलर बॅटरी चार-पाच रात्रीही आरामात चालवील, आणि घरी लाईट गेली तर तीच वापरावी. पण ती उचलायला दोन माणसे लागतात. गाडीची बॅटरी वापरावी असे अनेकांच्या डोक्यात येते. ती बॅटरी गाडीला क्षणभर जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर सावकाश रिकामी होण्यासाठी नव्हे. एक-दोन रात्री निघतील, पण सकाळी जीप ढकलावी लागेल, आणि असे वारंवार केले तर बॅटरीच जाईल. गाडीचे इंजिन सुरू ठेवून आत झोपणे हा उपाय तर कधीच करू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

प्रवासासाठी सोयीची ती लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी. २० अँपिअरची असेल तर वजन अडीच-तीन किलो, पिशवीत मावते. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. ही मात्र बरीच रिकामी झाली तरी चालते. पाथरीच्या गृहस्थांचा हिशेब असा झाला : बॅटरीत २५०, त्यातले वापरण्याजोगे २१० च्या आसपास, रात्रीचा खर्च ७०, वाटेतील घट धरून ८५. म्हणजे दोन रात्री निश्चित, तिसरी नशिबावर. यापेक्षा जास्त आशा धरू नये. दुकानात ‘चार-पाच रात्री आरामात’ असे सांगितले जाते, ते मनावर घेऊ नये. आणि या बॅटरीला तिचाच चार्जर लावावा, शिशाच्या बॅटरीचा नको.

जोडताना सांभाळायचे

सर्वांत जास्त मशीन बिघडतात ती इथे. काही सी-पॅप १२ व्होल्टवर चालतात, काही २४ व्होल्टवर. आपले कोणते, ते त्याच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे छापलेले असते. १२ चे असेल तर कंपनीच्या १२ व्होल्टच्या केबलने थेट बॅटरीला जोडता येते. २४ चे असेल तर मध्ये व्होल्ट वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. तो शक्यतो त्याच कंपनीचा घ्यावा. पिन बसते म्हणून कोणतीही केबल लावू नये. उलट-सुलट जोडणीने मशीन कायमचे जाते. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे छोटा इन्व्हर्टर लावून बॅटरीचे २३० व्होल्ट करायचे आणि नेहमीचा अडॅप्टर वापरायचा. सोपा आहे, पण १२ चे २३० आणि पुन्हा २३० चे २४ करण्यात वीज फुकट जाते, आणि बॅटरी त्या मानाने लवकर संपते. हा मार्ग घ्यायचाच तर साईन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा.

दिंडीसोबत ट्रक असेल तर एक गोष्ट विसरू नये : मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, जीप-टेम्पोची १२ ची. १२ व्होल्टचे मशीन किंवा चार्जर ट्रकला लावला तर धूर निघेल. आणि ‘माझं मशीन २४ चं, ट्रकही २४ चा’ म्हणून थेट जोडू नये; इंजिन चालू असताना ट्रकचा व्होल्ट २८ पर्यंत चढतो.

वाटेत भरायची कुठे

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून परभणी, दैठणा, गंगाखेड अशी जाते आणि पुढे परळी, अंबाजोगाई, धाराशिव, सोलापूर, मंगळवेढा करत पंढरपूर गाठते. जनाबाईंच्या गंगाखेडहूनही वारकरी निघतात. या वाटेवर वीज नाही असे गाव नाही. अडचण एवढीच, की मुक्काम शाळेच्या पटांगणात किंवा शेतात असतो, आणि सॉकेट जिथे असते तिथे तीस मोबाईल आधीच लागलेले असतात. म्हणून बॅटरी रात्री भरण्याच्या भरवशावर राहू नये. दुपारच्या विसाव्याला, जेवणाच्या दोन-तीन तासांत, मंदिर, ग्रामपंचायत किंवा ओळखीचे घर गाठून ती चार्जिंगला लावावी. टेम्पोतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा चार्जर असेल तर चालत्या गाडीतही चार-पाच तासांत बरीच भरते. सोलर पॅनल उन्हाळ्यात छान, पण आषाढातल्या ढगांवर त्याचा भरवसा नाही.

पाथरीचे गृहस्थ गेले आणि पंढरपूरला पोहोचले. वाटेत एकदाच मशीन पहाटे दोनला बंद पडले. कारण शोधले तेव्हा कळले, की राहुटीतल्या मंडळींनी ‘मामांची बॅटरी मोठी आहे’ म्हणून संध्याकाळभर सात मोबाईल तिच्यावर भरले होते. पुढे त्यांनी बॅटरी उशाशी घेतली.

उशाशी म्हणजे अंथरुणात नव्हे. बॅटरी चार्ज होताना पांघरुणाखाली, कडब्यावर किंवा स्वयंपाकाच्या गॅसजवळ ठेवू नये. शिशाची बॅटरी असेल तर राहुटीबाहेरच, कारण भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. मशीन जमिनीवर न ठेवता डब्यावर किंवा पेटीवर ठेवावे, म्हणजे धूळ कमी जाते. हवेचे दोन-तीन फिल्टर जास्तीचे न्यावेत. आणि प्रवासात पाण्याचे भांडे भरलेले ठेवू नये. मशीन कलंडले की ते पाणी पंख्यात शिरते.

जे वारीचे, तेच आखाड्यावरचे. पाळीप्रमाणे शेताची लाईट रात्री येते आणि मोटार चालू करायला शेतकऱ्याला आखाड्यावर झोपावे लागते. तिथे लाईट असूनही मशीन थेट लावू नये असे माझे मत आहे. मोटारी सुरू-बंद होताना व्होल्ट खालीवर होतो आणि मशीन सकाळपर्यंत टिकेलच असे नाही. घरी दिवसा भरलेली बॅटरी मोटारसायकलवर सोबत न्यावी, हे बरे.

रेल्वेचा अनुभव वेगळा. डब्यातील सॉकेट मोबाईल आणि लॅपटॉपपुरते असतात, आणि आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवण्याचा निर्णय २०२१ साली पश्चिम रेल्वेने घेतला होता. म्हणजे नेमके झोपेचे तास. देवगिरीने मुंबईला तपासणीसाठी जाणाऱ्यांनीही सॉकेटवर विसंबू नये. विमानात लिथियम बॅटरी सामानात देता येत नाही, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नेऊ देत नाहीत. वारीची २५० ची बॅटरी घेऊन विमानतळावर गेलात तर ती तिथेच सोडावी लागेल. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनी हे आधीच पाहून ठेवावे.

बॅटरी संपली तर

मशीन बंद पडले तर घाबरण्याचे कारण नाही. मास्कला श्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते. पण हवा येणे थांबले की आपलाच सोडलेला श्वास काही प्रमाणात परत घ्यावा लागतो, गुदमरल्यासारखे होते आणि माणूस जागा होतो. मास्क काढून टाकावा. राहिलेली रात्र पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे, डोक्याकडची बाजू उंच करावी. सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती चांगली आहे. उताणे होताच चेंडू टोचतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये.

त्या रात्री दारू नको, हे वारकऱ्यांना सांगायला नको. झोपेच्या गोळीचे मात्र सांगावे लागते. अंग दुखते म्हणून राहुटीत कोणीतरी ‘ही घ्या, छान झोप लागेल’ म्हणून गोळी देतो. अशा गोळीने घसा आणखी सैल पडतो आणि श्वास थांबला तरी जाग यायला उशीर होतो. अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल घ्यावी.

काही रुग्णांनी मात्र नुसत्या बॅटरीच्या भरवशावर निघू नये. ज्यांना बाय-पॅप मशीन किंवा सोबत प्राणवायू लागतो, ज्यांचे हृदय कमकुवत आहे व पायांवर सूज येते, ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साईड साठतो असे तपासणीत आले आहे, त्यांच्यासाठी एक रात्रही महागात पडू शकते. त्यांनी आपल्या छातीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि जायचेच तर दोन बॅटऱ्या आणि रात्री पक्क्या घरात मुक्काम, अशी सोय करावी.

निघण्यापूर्वी निदान दोन रात्री घरीच बॅटरीवर झोपून पाहावे. केबल सैल आहे, मशीन अर्ध्यात बंद पडते, ह्युमिडिफायर चालूच राहिला, हे सारे घरी कळलेले बरे. परत आल्यावर मशीनमधील मेमरी कार्ड घेऊन यावे. कोणत्या रात्री किती तास मशीन चालले आणि श्वास किती वेळा थांबला हे त्यात दिसते. बॅटरी पुढच्या वर्षापर्यंत ठेवायची असेल तर पूर्ण रिकामी किंवा काठोकाठ भरलेली ठेवू नये. निम्मी भरून कोरड्या, थंड जागी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी एकदा चार्जर लावावा.